धाब्यावरची खारी

माझं माहेर सोनगीरकडचं, पत्र्याच्या घरातलं. उन्हाळ्यात आम्ही भाकरीसारखे दोन्ही बाजूंनी भाजून निघायचो, पण घराच्या डोक्यावर माती वाहायची वेळ कधी आली नव्हती. लग्न होऊन चोपड्याकडच्या गावात आले आणि धाबं म्हणजे काय ते माझ्या मानेला कळलं.

धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. खाली सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या नि काटक्या, आणि वर मातीचा जाड थर. वैशाखात बाहेर जीव जात असला तरी आत दुपारची झोप लागते, हे मान्य. पण पावसात ते गळू नये म्हणून दरवर्षी मृगाआधी त्यावर खारी टाकावी लागते. ही खारी चहात बुडवायची नव्हे. नाल्याकाठची पांढरट, खारवट माती. ती पाणी मुरू देत नाही. आमच्या गावात पावसाळ्याची तयारी म्हणतात ती हीच. ज्याच्या धाब्यावर खारी पडली तो निश्चिंत, आणि ज्याची राहिली त्याला येता-जाता चार माणसं विचारणार.

आमच्याकडे ती शिडीवरून मी चढवायचे. नवरा त्या दिवसांत केळीच्या गाड्या भरायला गेलेला असायचा. वर सासरे, म्हणजे आबा, फावडं घेऊन उभे. मी घमेलं रिकामं केलं की ते माती पसरत, दोन पावलं मागे सरून डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "आखो एक घमेलं." मग आणखी एक. त्यानंतर आणखी एक. या माणसाचं एकाने कधी भागलं नाही.

दमायचं तर मी दमतच होते, पण मला खटकायचं ते वेगळंच. दरवर्षी माती चढायची, उतरायची कधीच नाही. मधल्या खोलीतली तुळई पोटात वाकली होती. तिला एका लाकडाचा टेकू दिला होता, आणि नेमकी त्याच तुळईखाली आबांची खाट. मी म्हणायचे, आबा, आधी थोडी जुनी माती काढू, मग नवी टाकू. भिजली की हे सगळं एक दिवस तुमच्या अंगावर येईल. ते म्हणत, "पानी येवाना टाइमले डोकावरनी टोपी कोन काढस?" निदान खाट तरी सरकवा म्हटलं, तर म्हणे वारा तिथेच लागतो.

एका वर्षी तालुक्याहून साहेब आले. ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला, माइक लावला. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, टॉर्च ठेवा, फुटाणे ठेवा, झड लागली की मातीच्या घरात थांबू नका, शाळेत जा, असं त्यांनी समजावून सांगितलं. आबा पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. मला वाटलं, चला, देव पावला. घरी परतताना त्यांनी वाटेत ट्रॅक्टरवाल्याला गाठलं आणि नेहमीपेक्षा एक ट्रॉली खारी जास्त सांगितली. साहेबांनी तयारी करायला सांगितली होती ना!

त्याच वर्षी श्रावणात झड लागली, तेव्हाही नवरा गाड्यांवर बाहेरगावीच होता. पाऊस जोराचा नव्हता, पण थांबायचं नाव घेईना. भिंतींना हात लावला तर माती बोटांना चिकटायची. ठिबकत्या जागी पातेली मांडून मांडून घरात स्वयंपाकाला भांडं उरलं नाही. एका संध्याकाळी तुळई करकरली, आणि टेकूखालची जमीन दबल्याचं मला दिसलं. मी म्हटलं, उठा, शाळेत जाऊ. आबा म्हणाले, "काही व्हत नही."

मला भांडायचंही त्राण नव्हतं. मी त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी, त्या तुळईखाली, फतकल मारून बसले. म्हटलं, तुम्ही नाही तर मीही नाही. ते उठून वहाणा शोधू लागले.

शाळेच्या व्हरांड्यात अर्धं गाव होतं. ओल्या गोधड्यांचा वास, रडणारी पोरं, आणि आबांची तीच कुरकुर की इथे वारा लागत नाही. शेवटी एकदाचं ऊन पडलं. सगळे हरखून गोधड्या उचलून घरी निघाले. मातीचं घर पावसात तग धरतं आणि उन्हात पडतं, हे मला लग्नानंतर आबांनीच सांगितलेलं. पण त्यांना त्यांची खाट हवी होती. "बठ्ठं वाळी गयं," ते म्हणाले. सगळं वाळलं म्हणे.

मी म्हटलं, आधी ओट्यावर चहा घ्या, मग आत जा. चहा मुद्दाम चांगला उकळता दिला. त्यांनी कप हातात घेतला, कढत आहे म्हणून तोंड वाकडं केलं, फुंकर घातली, आणि आत मधली खोली बसली.

दारातून धुळीचा लोट आला आणि आम्ही दोघं पांढरे झालो. कप त्यांच्या हातात तसाच होता. मी त्यांचा खांदा धरला. तो किती वाळलाय ते तेव्हा कळलं. इतकी वर्षं ज्या माणसावर मनातल्या मनात करवादत होते, तो समोर बसून श्वास घेतोय, हे बघून मला हुंदका आवरेना.

ढिगारा उपसताना छताची तुटलेली कड उघडी पडली. पांढऱ्या मातीचे थर एकावर एक बसलेले. आबांनी त्या थरांवरून बोट फिरवलं. "एवढी व्हती?" त्यांनी विचारलं.

"हो आबा," मी म्हटलं. "मीच चढवली."

पुढच्या वैशाखात खारीची ट्रॉली पुन्हा दारात आली. स्लॅबचं 'पुढल्या वर्षी बघू' ठरलं होतं, ते आमच्याकडे कायमच ठरलेलं असतं. स्वयंपाकघरावर अजून धाबंच, आणि आबांची खाट आता चुलीशेजारी. मी घमेलं उचललं तर त्यांनी हातात फावडं दिलं. "आदी जुनी उतार," ते म्हणाले, "मंग नवी चढाव."

हे ऐकायला मी अर्धं आयुष्य थांबले होते, आणि ऐकायला मिळालं तेव्हा काम दुप्पट झालं. आबांच्याने आता वर चढवत नाही. ते खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभे राहिले. मी जुनी माती खरवडून उतरवत राहिले. उन्हं कलली, मान धरली, आता पुरे म्हणून खाली आले. त्यांनी वर बघून डोळे बारीक केले.

"आखो एक घमेलं," ते म्हणाले.

खाली खाट त्यांचीच होती. मी दोन उतरवली.