परिसंवादातली झोप

पत्नी गेली त्या वर्षी, म्हणजे पंचावन्न-छप्पनच्या सुमारास, मी अंधेरीच्या एका कॉलेजातल्या रविवारच्या परिसंवादांना जाऊ लागलो. घरी बसवत नव्हतं, एवढंच कारण. शिक्षण मराठीतून द्यावं की इंग्रजीतून, हा विषय कितीही चघळला तरी संपत नसे.

शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ येत. काळी टोपी गुडघ्यावर ठेवत, कोटाचं वरचं बटण सोडत आणि वक्ता "सज्जनहो" म्हणाला की घोरू लागत.

एकदा अध्यक्ष चिडले. "अहो आजोबा, झोपायचं तर घरी जा ना!"

म्हातारे टोपी घालून उठले.

"घरी झोप लागत नाही हो, साहेब. आमची ही सारखी बडबडायची, त्यात छान डोळा लागायचा. ती गेली, घर गप्प झालं. तुमचं अगदी तिच्यासारखं आहे. संपतही नाही, आणि ऐकलं नाही तरी चालतं."

सभागृह हसलं. पत्नी गेल्यापासून मीही पहिल्यांदाच मोठ्याने हसलो.

"बसा, बसा," अध्यक्ष म्हणाले.

वक्ता पुन्हा मातृभाषेकडे वळला, तसं म्हाताऱ्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हललो नाही.

परिसंवाद संपल्यावर शिपायाने आम्हा दोघांनाही हलवून उठवलं.