पाय पुरला नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मोठ्या भावाजवळ नाही, ऑफिसातल्या दोस्तांजवळ नाही. आणि जिच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं, तिच्याजवळ तर नाहीच. ती आत्ता आत बसून तूर पाखडते आहे. सुपाचा आवाज थांबला की माझा हातही थांबतो — कागद झाकायला. बघा, अजूनही हीच तऱ्हा.

गोष्ट एवढीशी आहे. माझी फटफटी पडली. धावताना नाही, उभ्या जागी पडली. तुम्ही म्हणाल, त्यात लपवण्यासारखं काय? फटफट्या पडत नाहीत का? पडतात की. उचलायची, धूळ झटकायची, चार लोक हसतात, आपणही हसायचं, झालं. पण मला ते हसणं नको होतं. तेवढ्यासाठी मी काय केलं ते आठवलं की तोंड कडू होतं.

मी ठेंगणा आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण सगळी घाण तिथूनच निघाली. शाळेत मला टिंगू म्हणायचे. पंचायत समितीत कारकून म्हणून लागलो, तर तिथे टिंगूबाबू. आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी गाडी घ्यायला निघालो, तेव्हा कुसुम — माझी बायको — म्हणाली की स्कूटर घ्या, तुम्हालाही बरी पडेल, मलाही बसायला बरी. सरळ मनानं म्हणाली बिचारी. मला झोंबलं. मला बरी पडेल म्हणजे काय? मी ठेंगणा म्हणून? मी हट्टानं वर्ध्याला जाऊन एका पोलीस जमादाराची जुनी फटफटी घेऊन आलो. जमादार होता सहा फुटी, आणि गाडीही त्याच्याच मापाची. तिच्यावर बसलो की माझे नुसते चवडे टेकायचे, तेही सपाट रस्ता असेल तर. मी चपलांना मोच्याकडून जाड तळ ठोकून घेतला. घरी सांगितलं, काटे रुततात.

आम्ही तेव्हा हमरस्त्यावरच्या जाम गावात राहत होतो. कुसुम डी.एड. झालेली होती. लग्नानंतर तीन वर्षांनी तिला मास्तरणीची ऑर्डर आली — आत सात किलोमीटरवरच्या एका गावात. तिथे बस जात नव्हती. मी रोज फटफटीनं सोडीन असं ठरलं. ऑर्डरचा तो कागद तिनं आठ दिवस देवाजवळ ठेवला होता. रुजू व्हायच्या दिवशी सकाळी माझ्या मायनं तिच्या हातावर दही-साखर ठेवली. तिनं जांभळ्या काठाचं कोरं लुगडं नेसलं, दोन्ही पाय डावीकडे घेऊन माझ्यामागे बसली, आणि आम्ही निघालो.

चौकात हमरस्ता ओलांडायचा होता. ट्रक येत होता, म्हणून मी कडेला थांबलो आणि डावा पाय खाली सोडला. डांबर तिथे संपत होतं आणि मुरूम वीतभर खाली होता. पाय खाली गेला, आणखी खाली गेला — आणि जमीनच लागेना. गाडी सावकाश कलली. मी? मी उडी मारून बाजूला झालो. गाडी पडली ती कुसुमच्या घोट्यावर.

चहाच्या टपरीवरची माणसं धावली. त्यांनी गाडी उचलली. त्यातला एक जण, हातात चहाचा गिलास तसाच धरून, म्हणाला, "काय बाबू, पाय पुरला नाई का?"

चेष्टेनं म्हणाला, पण खरं तेच म्हणाला. माझे कान तापले. बायको धुळीत पडलेली, पायाचा भलताच कोन झालेला. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि म्हणालो, "इनंच आंग हालवलं मांगं."

ती हालली नव्हती. हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो अगदी स्थिर होता. मला वाटलं, ती आता नाही म्हणेल. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या माणसांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हो, मीच हालली वाटते."

मला वाचवायला म्हणाली, की तिला खरंच तसं वाटलं? मी कधी विचारलं नाही. पण दुपारपर्यंत तिला ते पटलेलं होतं एवढं नक्की. वर्ध्याच्या दवाखान्यात पायाचा फोटो काढणारा म्हणाला, बाई, हालू नका. तर ही तेवढ्या दुखण्यात हसून म्हणते कशी, हालली म्हणून तं इथं आली. तो हसला. मीही हसलो. थू माझ्या जिनगानीवर!

इथपर्यंत भित्रेपणा म्हणा. पुढचं तसं नाही. पुढचं मी थंड डोक्यानं केलं.

रुजू व्हायला दोन महिन्यांची मुदत वाढवून मिळाली. प्लॅस्टर निघालं. एका सकाळी अंगणात माय, दादा, मी आणि कुसुम बसलो. मायचं म्हणणं, जिला गाडीवर धड बसता येत नाही ती रोज सात किलोमीटर जाईल कशी? आज घोटा मोडला, उद्या डोकं फुटेल. दादा माझ्या बाजूनं विचार करत होता. अरे, एवढी भीती वाटत असेल तर ही गाडी काढून टाक, स्कूटर घेऊ, असं तो म्हणाला. दार उघडंच होतं हो! मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की दादा, माझा पाय पुरत नाही. दोन महिने मी ते वाक्य गिळत होतो. कुसुमनं काठी बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "मी नीट बसली तं जमन ना? तुमीच सांगा."

मी म्हणालो, "तू पुन्हा हालशीन."

तिनं मान खाली घातली. नोकरी नको असल्याचा अर्ज मीच लिहिला, माझ्या वळणदार कारकुनी अक्षरात. तिनं खाली सही केली. लिहिताना मी कुठे अडखळलो असं सांगायला आवडलं असतं. नाही अडखळलो.

आणि पुढच्या आठवड्यात मी काय केलं माहीत आहे? वर्ध्याला जाऊन गाडीची सीट दोन बोटं कापून घेतली. वर नवं कव्हर चढवलं. घरी सांगितलं, तुझ्यासाठी मऊ करून आणली. आता माझे पाय टेकायला लागले. गाडी पुन्हा कधी पडली नाही. लोक म्हणायचे, बाई आता बसायला शिकली. कुसुमलाही त्याचं कौतुक वाटायचं.

ती मागे खुंटासारखी बसायची. गाडी थांबली की श्वाससुद्धा रोखून धरायची. लंगडत उतरायची तेव्हा सीटच्या कडीला धरलेली बोटं पांढरी पडलेली असायची. मी आरशात पाहायचो आणि गाडी चालवायचो. दहा वर्षं.

शेवटी शेवटी, गाडी विकायच्या आधीच्या उन्हाळ्यात, आम्ही आष्टीला एका लग्नाला गेलो होतो. तिथे पोचल्यावर पाहतो तर तिची मान एका बाजूनं टरारून सुजलेली. वाटेत गांधीलमाशी बसली होती म्हणाली, दोनदा चावली. मी ओरडलो, अगं, मग झटकली काऊन नाही? माझा दंड तरी दाबायचा!

"हालली असती तं तुमी पडले असते," ती म्हणाली.

मी कुणाकडून तरी चुना मागून आणला आणि तिच्या मानेवर लावला. ती डोळे मिटून, अजिबात न हालता उभी राहिली. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी चुना लावून बोटं पुसली आणि जेवायच्या पंगतीत जाऊन बसलो.