श्वास न लागलेली फुले

हार ओवताना आक्कांचा पदर नेहमी नाकावर असे. वास घेतलेले फूल देवाला वाहू नये, हे आपण सारेच पाळतो. आक्कांनी आपला श्वासदेखील फुलांना लागू न देण्याचा नेम धरला होता. मखमलाबादच्या मळ्यातला त्यांचा झेंडू इंदिरानगरात आमच्या देवघरी अनेक वर्षे येत राहिला.

एकदा मी सहज म्हणालो, "आक्का, वारा तर या फुलांचा वास घेतोच की!"

पदराआडून उत्तर आले, "वाऱ्यानं कुठं नेम धरलाय, शास्त्रीबुवा? मी धरलाय." मी फुले घेतली.

आता आक्का नाहीत. परंतु त्यांच्या आठवणीने आधी हसूच येते.

काही वर्षांपूर्वी मळ्याच्या बांधावरून पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दिवसा त्या परिचारिकांची थट्टा करीत. रात्री मात्र भलतेच. अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा केशव मला रडवेल्या स्वरात म्हणाला, "बुवा, माय रात्री मला ओळखत नाय. हवेत हार ओवते, ऑक्सिजनची नळी उपटते. डोकं कायमचं गेलं का हो तिचं?"

डॉक्टरीणबाईंनी समजावले, "झोपेत यांचा ऑक्सिजन खाली जातो. या वयात ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, आणि ऑक्सिजन कमी पडला की तो वाढतो. बहुधा ओसरेल, पण नळी नाकात टिकली पाहिजे. नाहीतर हात बांधावे लागतील."

मायचे हात बांधायचे, या कल्पनेनेच केशव खचला. त्या रात्री मीही तेथे थांबलो. जाग येताच आक्कांनी नळी काढली आणि चादर नाकावर ओढली.

"ए पोरा, टोपली हलीव तिकडं."

"माय, मी केशव!"

"असशील. टोपली हलीव आधी. नळीतून वारा सुटलाय, समदी फुलं बाटतील."

मी जवळ गेलो. "आक्का, ही देवाला वाहून उतरलेली फुले. निर्माल्य आहे हे. याला श्वासाचा दोष लागत नाही."

"मग आधी सांगायचं नाय का!" म्हणत त्यांनी नळी लावून घेतली.

पुढे रोज रात्री केशव हेच सांगे आणि नळी टिके. भ्रम हळूहळू उतरत गेला. एका सकाळी मी भेटीस गेलो, तर आक्का मुलाकडे डोळे वटारून पाहत होत्या.

"केशव, तू हितं बसलाय, मग कंपनीत काय तुझा बाप गेलाय?"

वैकुंठवासी पित्याचा तो उद्धार ऐकून केशव हसता हसता रडू लागला.

"रडतो काय येड्यासारखा? चहा आण जा. आन् बुवांना बिनसाखरेचा, त्यांना शुगर हाय."