लावलेलं फाटक

खडीताईंचं आणि डांबराचं कधी जमलंच नाही. डांबरी रस्ता म्हणजे त्यांच्या मते लग्नातला फोटो. सगळं गुळगुळीत, पण माणसं कशी आहेत ते काही कळत नाही. खरा रस्ता खडीचा. तो चाकाखाली बोलतो. करकर करणारी खडी भांडकुदळ असते, पण धरून ठेवते. गोल गोट्यांची खडी मुकाट असते आणि न सांगता पाडते. हे सगळं त्या पाहुण्यांना न्याहारी वाढता वाढता ऐकवत, आणि पाहुणे पाव तोंडाजवळ तसाच धरून ऐकत राहत.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी डेअरीची गाडी चालवली होती. तळ्यामागचे उतार चढून गोठ्यागोठ्यांतून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि खाली आणायचे. पुढे डेअरी बंद पडली, गाडी भंगारात गेली, पण वाटा अंगात मुरल्या त्या मुरल्याच. एके दिवशी गुडघे दुखतात म्हणून त्या डॉक्टरकडे गेल्या आणि येताना जाड टायरची सायकल घेऊन आल्या. ‘‘डॉक्टर म्हणाले व्यायाम करा,’’ त्यांनी धाकट्या जावेला सांगितलं. जाऊ म्हणाली, ‘‘डॉक्टर चालायला म्हणाले असतील, ताई.’’ पण वर्षभरात दोघी जावांनी घराच्या वरच्या खोल्या सायकलवाल्यांसाठी उघडल्या. धाकटीकडे स्वयंपाक आणि बुकिंग, थोरलीकडे वाटा.

नवी वाट पाहुण्यांच्या हाती देण्याआधी खडीताई तिच्यावर तीनदा फेरी मारून बघत. एकदा कोरड्यात, एकदा ओल्यात आणि एकदा रागात.

‘‘रागात कशाला?’’ कुणीतरी विचारायचंच.

‘‘रागात माणूस वळणं बघत नाही. तरी जी वाट घरी आणून सोडते, ती चांगली.’’

आणि राग आणून द्यायला जाऊ घरातच होती, त्यामुळे काही अडत नसे.

या वर्षीची नवी वाट म्हणजे तळ्याची पुरी प्रदक्षिणा. काठाकाठाने जायचं, मग मेंढीवाल्याच्या कुरणातून वर चढायचं, दगडी भिंतीतल्या फाटकातून पलीकडे, आणि समोर एकदम सगळे डोंगर. कुरण वगळलं तर खाणीचा रस्ता धरावा लागे. तिथे ट्रक असे धावत की गेल्या वर्षी एक पाहुणा चुकवता चुकवता गटारात गेला आणि गळ्याजवळचं हाड मोडून घरी परतला. म्हणून खडीताईंनी मेंढीवाल्याला मोठ्या मिनतवारीने राजी केलं. फाटकावर स्वतः रंगवलेली पाटी ठोकली, ‘फाटक आठवणीने लावा’. रविवारी या फेरीसाठी एक अख्खा क्लब येणार होता. सगळ्या खोल्या भरल्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी मेंढीवाला थेट स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. गाल टोमॅटोसारखा सुजलेला, दाढेखाली कापूस.

‘‘फाटक कुणी लावलं?’’

‘‘आमच्याच पाहुण्यांनी!’’ खडीताई खुलून म्हणाल्या. ‘‘दुपारी चौघं जाऊन आले. बघा, म्हटलं होतं ना तुम्हाला, माझी माणसं शिस्तीची.’’

‘‘शिस्त!’’ त्याने गाल दाबला. ‘‘अगं, दुपारी मी ते मुद्दाम उघडं ठेवतो. मेंढ्या आपल्या आपण तळ्यावर उतरतात, पाणी पितात, परत येतात. आज मी दाढ काढायला गेलो. येऊन बघतो तर सगळा कळप फाटकाला नाक लावून उभा. वर ऊन, खाली पाणी दिसतंय, आणि मधे तुमची शिस्त!’’

खडीताईंनी चमचा खाली ठेवला.

‘‘ताई,’’ जाऊ हळूच म्हणाली, ‘‘तू दुपारी तिकडे कधी गेलीच नाहीस?’’

नव्हत्याच गेल्या. कोरड्यात, ओल्यात, रागात, सगळ्या फेऱ्या पहाटेच्या. न्याहारीच्या आत परत यायचं आणि दुपारी पाहुण्यांच्या सायकली धुवायच्या. सकाळी फाटक लावलेलं असे, त्यामुळे ते लावलेलंच असतं असं त्या धरून चालल्या होत्या.

‘‘उद्यापासून माझ्या हद्दीवर साखळी,’’ मेंढीवाला म्हणाला. ‘‘तुमच्या चाकांना रस्ता बंद.’’ आणि समोर ठेवलेल्या चहाला हातही न लावता तो गेला. दाढेमुळे की रागामुळे, कोण जाणे.

‘‘आता?’’ जाऊने विचारलं. ‘‘एक रविवार खाणीच्या रस्त्याने घाल त्यांना.’’

‘‘त्या रस्त्यावर मी माणसं पाठवणार नाही.’’

‘‘मग काय अंगणात गोल गोल फिरवणार? जा, माफी माग. जरा पड खा की.’’

‘‘माफी मागणारच. चूक माझी आहे. पण माफीने काय होणार? तो उघडं ठेवेल, कुणीतरी येऊन पुन्हा लावेल. पाटी काढली तरी लावेल. चांगल्या माणसांना उघडं फाटक बघवत नाही गं.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सायकली धुवायचं काम जावेच्या गळ्यात मारलं आणि निघाल्या. हद्दीवर साखळी होतीच, चांगली जाडजूड. त्यांनी सायकल खांद्यावर घेतली, साखळी ओलांडली आणि तशाच पायी वर गेल्या. ज्या वाटेला चाकांची बंदी, तिथे चाक टेकवायचं नाही.

मेंढीवाला फाटकाजवळ दगडावर बसला होता. फाटक सताड उघडं.

‘‘साखळी दिसली नाही?’’

‘‘दिसली. म्हणून तर ही उचलून आणली.’’ त्यांनी सायकल गवतावर आडवी ठेवली. ‘‘चुकले मी. फाटक म्हटलं की लावायचं, एवढंच डोक्यात होतं.’’

‘‘शहरातल्यांचं समजू शकतो. पण तू? इतकी वर्षं या डोंगरात गाडी फिरवलीस!’’

‘‘दुधाची गाडीपण सकाळीच यायची, दादा.’’

मेंढीवाल्याला हसू आलं आणि त्याबरोबर कळ. तो गाल धरून कण्हला. तेवढ्यात वरून कळप आला. पुढे एक म्हातारी मेंढी, मागे सगळ्या. खडीताईंकडे ढुंकूनही न बघता, लग्नघरातल्या व्याह्यांसारख्या ऐटीत त्या फाटकातून खाली उतरल्या. मेंढ्यांनी तळ्यात तोंडं घातलेली दिसली तशा खडीताई भिंतीपाशी गेल्या. फाटकापासून जरा लांब भिंत कमरेएवढीच होती.

‘‘दादा, माझ्या माणसांनी फाटकाला हातच नाही लावायचा. उघडं असो, बंद असो, ते तुमचं आणि मेंढ्यांचं. आम्ही इथून, भिंतीवरून जाऊ. सायकल खांद्यावर घेऊन.’’

‘‘ते चकचकीत कपडेवाले? सायकल उचलणार?’’

‘‘सायकल हलकी हवी म्हणून रात्रंदिवस जीव टाकतात. एकदा उचलून तरी बघू देत किती हलकी आहे ती.’’

‘‘पायऱ्या लागतील. पायऱ्या आल्या की मेंढ्या चढतील.’’

‘‘चढतील का? तुमच्या मेंढ्या, तुम्ही सांगा.’’

त्याची जीभ दाढेच्या जागी जाऊन आली. ‘‘आरपार दिसणाऱ्या पायरीवर मेंढी पाय टाकत नाही,’’ शेवटी तो म्हणाला. ‘‘भिंतीत चपटे दगड बाहेर डोकावतील असे बसवले, मधे फट ठेवली, तर नाही चढणार. पण ते राहू दे. आधी तू जाऊन दाखव. तू अडकलीस तर विषय संपला.’’

‘‘पायऱ्यांशिवाय?’’

‘‘पायऱ्यांशिवाय.’’

खडीताईंनी सायकल उचलली. एक पाय दगडांच्या फटीत रोवला, भिंतीच्या डोक्यावर कोपर टेकलं आणि अंग वर ओढलं. पेडल सणसणीत नडगीवर बसलं. मेंढीवाल्यासमोर तोंडून गेला नसता तर बरा, असा एक शब्द गेला. मग दुसरा पायही वर आला आणि त्या भिंतीवर ताठ उभ्या राहिल्या, सायकल खांद्यावर, धाप लागलेली, केस विस्कटलेले. पलीकडे उतरताना घसरल्या, पण सायकल सोडली नाही.

‘‘आले की नाही?’’ भिंतीपलीकडून आवाज आला.

मेंढीवाला झोपडीकडे गेला आणि पहार घेऊन आला.

‘‘उद्या किती जण?’’

‘‘खोल्या भरतील एवढे.’’

‘‘त्यात बुटके किती?’’

‘‘आम्ही काय बुकिंगला उंची विचारतो?’’

‘‘मग खालची पायरी ठेंगणी बसवायला हवी.’’ त्याने पहार दगडाखाली घातली. ‘‘ये इकडे. तो चपटा धोंडा दिसतोय ना? त्याचं ते टोक धर. आणि पायांच्या जोरावर उचल, पाठीच्या नको. उद्या तुला सायकल चालवायची आहे.’’

खडीताईंनी बाह्या वर सारल्या.