आपटा, कांचन आणि धसईचा बाजार

कल्याणहून मुरबाडची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत एक पट्टी, एक भिंग आणि वहीत दाबलेली पाच पानं होती. पाचही आमच्या सोसायटीतल्या झाडाची. अकरा वर्षांपूर्वी धसईच्या बाजारातून ते रोप मीच आणलं, 'आपटा' अशी पाटीही मीच रंगवली. दर दसऱ्याला सगळी इमारत त्याचंच सोनं लुटते. बायको मात्र पहिल्यापासून म्हणते, हा कांचन आहे. यंदा पैज लागली: कांचन निघाला तर मी सगळ्यांसमोर पाटी उतरवायची. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाची अब्रूच त्या पाटीवर टांगली होती म्हणा ना.

मुरबाडहून जीप मिळाली. शेजारच्या काकांना मी न विचारताच सांगून टाकलं, की दोन्ही झाडं एकाच गोतातली, दोघांचंही पान मधे दुभंगलेलं. पण आपट्याचं लहान आणि जाड, कांचनाचं मोठं आणि खोल चिरलेलं. फुलावरून वाद चटकन मिटतो. पण दसऱ्याला आम्ही झाड असं ओरबाडतो, की फूल कधी दिसलेलंच नाही. "बरं," काका म्हणाले आणि पुढच्या फाट्यावर उतरले.

धसईच्या बाजारात हिराबाई नावाच्या भाजीवालीच्या टोपलीत मला माझ्याच झाडाची पानं दिसली, चक्क जुड्या बांधलेली. मी वही उघडून ताडून पाहिलं. चीर उथळ, म्हणजे कांचन नाही. आनंदाने पट्टी लावली, तर पान आपट्याहून मोठं.

"मोजता काय वो? चावा," हिराबाई म्हणाली.

"आपटाच ना हा?"

"नाय वो, कोरळ, रानातली भाजी. आपटा तो बघा, बांधावर."

कोरळ चावलं, आंबट. बांधावरच्या आपट्याचं पान तुरट, तोंडात धरवेना. मग तिने मला डोळे मिटायला लावून एकेक पान चाखवलं. मी एकदाही चुकलो नाही. भोवती जमलेली माणसं हसत होती, आणि मी त्यांच्याहून जास्त.

"पण मी इथूनच आपट्याचं रोप नेलं होतं," मी म्हणालो.

"काय मागितलंत तवा?"

आठवलं. गावरान बोलायच्या हौसेने मी 'जोडपानाचं झाड' मागितलं होतं.

"मंग कोरळच दिलं की. आमाला जोडपान लागतं ते खायला."

चार जुड्या घेऊन परत निघालो. अकरा वर्षं मी सोनं म्हणून भाजी वाटत होतो! असं दुभंगलेलं पान फळ्यावर किती वेळा काढलं असेल, तोंडात एकदाही घातलं नव्हतं. त्यातही गंमत म्हणजे बायकोही हरली होती.

सोसायटीत शिरल्यावर आधी पाटीशेजारचं कोवळं पान चावलं. आंबट.

"कांचनच ना?" बायकोने गॅलरीतून विचारलं.

"नाही. आपटाही नाही. भाजी आहे," म्हणत मी जुड्या उंच धरल्या.

तिने वाकून जुड्या मोजल्या. मग म्हणाली, "पाटी राहू दे. आधी वरच्या फांदीची दोन मुठी पानं तोडा, एवढ्यात आपलं भागायचं नाही."