आधी लेकरू, मग फोटो

दिवाळी उलटल्यानंतरचा सोमवार. बालरुग्ण विभागात हजर: बाई, नवे डॉक्टर, वॉर्डची सिस्टर म्हणजे मी, सिरसाळ्याकडचं तीन वर्षांचं लेकरू आणि त्याचे आईवडील. बाई हजर होत्या, पण एक्स-रेकडे पाठ करून.

ही त्यांची जुनी खोड. बाई आमच्या ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात, म्हणून गावोगाव त्या ‘फोटोवाल्या बाई’. पण लेकराला पाहिल्याशिवाय त्या फोटो बघायच्या नाहीत. सदरा वर करून छाती आत ओढली जाते का ते पाहायचं, घड्याळ धरून श्वास मोजायचा. “फोटो पळून जात नाही, लेकरू जाईल,” म्हणायच्या.

फोटो हातात घेतला तरी फुप्फुसं शेवटी. आधी पोर सरळ झोपलं होतं का, मग हाडं, कडा, कोपरे. रडताना काढलेला फोटो म्हणजे त्यांच्या भाषेत “भांडणातली साक्ष, अर्धी खोटी.”

त्या दिवशी नव्या डॉक्टरांनी उजव्या फुप्फुसावर, वरच्या अंगाला डाग दाखवला. “मॅडम, टीबी वाटतोय.”

“मंग गोळ्या द्या की,” बाप म्हणाला. “उद्या ऊसतोडीची टोळी निघतीय कारखान्याला. सामान भरून ठिवलंय.”

लेकराला तपासून बाई फोटोकडे वळल्या. “हा डाग वर कुठवर जातोय?”

“गळ्यापर्यंत, मॅडम.”

“गळ्यात फुप्फुस कधीपासून असतं रे?”

बाईंनी लेकराच्या खांद्यावरून पुढे आलेली वेणी उचलली. नवसाचं जावळ, तेल लावून घट्ट वळलेलं. डाग त्याचाच होता.

आई झेपावली. “कात्री लावू नका बाई, देवीचं हाय!”

“कात्री कोण लावतंय? वर अंबाडा घाल. तुझी देवी फोटोत आली, म्हणून आमचे डॉक्टर घाबरले.”

दुसऱ्या फोटोत डाग नव्हता. बाप उठलाच. “न्हाई ना काही? चला मंग.”

“बस खाली. पोरगं धापतंय, त्याला कारण पाहिजे.” बाईंचं बोट खाली सरकलं. डावीकडे, छाती आणि पोटामधल्या पडद्याची रेघ हृदयामागे पुसली गेली होती. न्यूमोनिया तिथे दडला होता. “उसाच्या फडात ऑक्सिजन कुठून आणशील?”

बाप टोळीबरोबर गेला, मायलेकरं राहिली. लेकरू बरं होऊन निघताना आई म्हणाली, “जावळ मामाच्या मांडीवर काढत्यात. याला मामा न्हाई. तुमीच या.”

“येते. मामा म्हणून मिशा तेवढ्या लावून येते,” बाई म्हणाल्या, आणि आहेराचे कपडे आणायचं काम माझ्या यादीत घातलं.

संक्रांतीनंतर बाई वारल्या. आता नवे डॉक्टर फोटोआधी लेकराची वेणी वर बांधायला सांगतात, आणि फोटोकडे पाठ करून श्वास मोजतात.

परवा त्या लेकराच्या आईचा फोन आला. टोळी परतली, पुढच्या मंगळवारी जावळ. “मामाला सांगा, लई वाट बघतोय आमी.” मी “बरं” म्हणाले.

कपडे आणले. रजा टाकली. मांडी माझी चालेल का, तेही नव्या डॉक्टरांनी आणि मी बोलून ठेवलं. बाई गेल्या, हे तिला सांगायचं राहिलंय.