तीनदा म्हणायचं ‘येतो’

मोहाडीला परत आले तेव्हा मला वाटलं होतं, इथे आपलं भांडण होणार. पाच वर्षं बंगळूरला मुलांचं मानसशास्त्र शिकताना ते भांडण मी मनातल्या मनात कितीदा जिंकले होते. लेकरू एकच गोष्ट पुन्हापुन्हा करतं म्हणून लोक त्याला हसतील, मारतील, अंगारा लावतील, आणि मी मधे उभी राहीन. प्रत्यक्षात मला भेटली एक आख्खी गल्ली, सात वर्षांच्या एका मुलीवर जीव टाकणारी. मैत्रिणी फोनवर विचारतात, तिकडे नेमकं करतेस काय? मी त्या गल्लीतला एक किस्सा सांगायला घेते, तर त्याचं बोट धरून दुसरा येतो.

मुलीचं नाव गौरी. दुसरीत. घरून निघताना आपण कोणीच ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. एकदा तिचे बाबा घाईत ‘जातो’ म्हणून निघाले आणि नेमकी त्याच दिवशी त्यांची बस वाटेत बंद पडली. ते दिवे लागल्यावर घरी पोचले. तेव्हापासून नियम होत गेला. निघणाऱ्यानं गौरीकडे बघून तीनदा ‘येतो’ म्हणायचं. अडखळलं तर पहिल्यापासून. नाहीतर तो माणूस परत येणार नाही, अशी तिची खात्री.

*

मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले ती सकाळ धुक्याची होती. बोडीतलं, म्हणजे गावतळ्यातलं, पाणी कुठे संपतं आणि घरं कुठे सुरू होतात, कळत नव्हतं. ओट्यावर स्वेटर घातलेली एक मुलगी बसली होती आणि धुक्यातून आवाज येत होता, “येतो... येतो... येतो.” जणू कोणी दुरून गाणं म्हणत होतं. जवळ गेले तर दूधवाला!

मी त्याला विचारलं, रोज म्हणता? तो म्हणाला, “आपलं काय जाते, मॅडम? लेकरू हासते.”

गौरी खरंच हसली होती. बोटांत बोटं गुंतवून बसली होती, ती बोटं सुटली होती. पुस्तकात असं काही वाचताना इतकं सुंदर दिसेल, असं कधी वाटलं नव्हतं.

*

तिचे बाबा, रमेशभाऊ, स्टँडपर्यंत सायकलनं आणि पुढे बसनं तुमसरच्या एका राईस मिलमध्ये जातात. त्यांनी मला न विचारता सगळी पद्धत समजावली. आधी एकदाच म्हणावं लागायचं. मग तीनदा. मग वळणावर थांबून हात हलवणं आलं. मग तिला वाटायचं की दुसऱ्यांदा म्हणताना बाबांचं लक्ष सायकलकडे होतं, म्हणून ते वळणावरून परत यायचे आणि पुन्हा म्हणायचे.

बस चुकत नाही का, मी विचारलं. चुकायची, म्हणाले, आता अर्धा तास आधी उठतो. त्यांना हा प्रश्न सुटल्यासारखाच वाटत होता.

*

आबाजी, म्हणजे तिचे आजोबा, सगळ्यांच्या पुढे गेले होते. त्यांनी आठवडी बाजार सोडला, भजनाला जाणं सोडलं, शेताच्या बांधावर जाणंही सोडलं. दिवसभर नातीजवळ ओट्यावर.

“मी कुठं गेलोच नाई, तं मले म्हणाच कायले लागन?” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू एखादं कुलूप किल्लीशिवाय उघडलं.

*

आणि शाळा? बाबा परत येईपर्यंत गौरी ओटा सोडत नव्हती. दोन महिने झाले होते. तिच्या वर्गाच्या बाई फार चांगल्या. शाळा सुटल्यावर स्वतः वही घेऊन यायच्या, ओट्यावरच गणितं शिकवायच्या आणि निघताना तीनदा ‘येते’ म्हणायच्या. मी त्यांना म्हटलं, बाई, तिनं वर्गात यायला हवं. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, पण मॅडम, तिचा अभ्यास मागे नाही हो.

त्या ओट्यावरून शाळेची घंटा ऐकू येते. घंटा झाली की गौरी मान वळवायची. तेवढंच.

*

शेवटी मी घरच्यांना बसवलं आणि सांगितलं. भीती सुरू कशानं झाली, ते राहू द्या. ती टिकलीय कशावर, ते बघा. तुम्ही तीनदा म्हणता, तिला क्षणभर बरं वाटतं, आणि तिचं मन शिकतं की बाबा आले ते तीनदा म्हटल्यामुळेच. न म्हणताही बाबा येतात, हे बघायची संधी तिला मिळतच नाही.

मग आबाजी बोडीकडे बघत म्हणाले, “म्हंजे धानाच्या बांधीत पाणी आमीच सोडून राहिलो.”

इतकं नेमकं मला पाच वर्षांत सांगता आलं नव्हतं.

गौरीशीही बोलले. तिनं बराच विचार करून कबूल केलं की उद्या बाबा एकदाच म्हणतील.

*

दुसऱ्या दिवशी रमेशभाऊ एकदा ‘येतो’ म्हणाले आणि मागे न बघता गेले. गौरी रडायला लागली. आधी हळू, मग हमसून हमसून. तिच्या आईनं पदर तोंडात धरला, पण शब्द काढला नाही. दूधवाला कॅन घेऊन परत आला आणि रमेशभाऊंच्या वतीनं मी म्हणून टाकतो, म्हणाला. मी त्याला बाजूला नेलं. गल्लीभर माणसं दारात उभी होती, पण सगळी गप्प. मला त्यांचा अभिमान वाटला.

मग गौरी माझ्याकडे वळली. डोळे सुजलेले. “ताई, बाबा येईन ना?”

“येईल,” मी म्हटलं.

“येईन ना?”

“येईल गं.”

“खरंच येईन?”

“नक्की येईल.”

तिची बोटं सुटली. ती हसली.

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि पोटभर हसले. “झालं. मॅडमबी आमच्यातल्याच निंगाल्या.”

संध्याकाळी रमेशभाऊ वेळेवर आले. श्रेय माझ्या तीन ‘येईल’ना मिळालं, हे सांगायला नको.

*

सकाळी पुन्हा तेच धुकं. रमेशभाऊ एकदा म्हणाले आणि त्यात विरून गेले. मी ओट्यावर गौरीच्या शेजारी बसले. ती रडली. रडणं थोडं उतरलं तेव्हा शाळेची घंटा झाली.

“ताई, बाबा येईन ना?”

‘येईल’ माझ्या ओठांवर आलं होतं.

“माहीत नाही, गौरी,” मी म्हटलं. “चल, शाळेत बसून वाट पाहू.”